कोहळ्याची खोटी फुलं

आमच्या बाबांचा कोणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, घड्याळावर नव्हता, आणि रविवारी दाढी करताना आरशावरसुद्धा असेल असं मला वाटत नाही. वाशीमच्या कोर्टात ते कारकून होते. दिवसभर खऱ्याखोट्या साक्षी कानावर पडून त्यांचा स्वभाव तसा झाला, असं आई म्हणायची. मला ते पटत नाही. त्याच कोर्टात इतरही कारकून होते आणि ते घरी जाऊन निवांत चहा पीत. बाबा चहा पिण्याआधी कपात डोकावून बघत.

तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मागे एक परसबाग होती. बाग म्हणजे काय, दोन खाटा टाकल्या की तिसरीला जागा नाही. न्हाणीचं पाणी ज्या नालीतून वाहायचं तिच्या कडेने आळू, एक शेवगा, चार-सहा वांगी, मोगऱ्याचं एक हट्टी झुडूप आणि तुळस. बाहत्तरच्या दुष्काळात यातलं निम्मं वाळून गेलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि आईने शेवग्याशेजारी कोहळ्याचे दोन वेल लावले. लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात. पिकलेल्या कोहळ्याची गुळातली बोंडं तळली की बाबांचा चेहरा सैल पडायचा, आणि हे वर्षातून फार वेळा होत नसे. म्हणून त्या वेलांवर आम्हा सगळ्यांचाच जीव होता.

सकाळ-संध्याकाळ आम्ही बागेतच असायचो. मी दहा वर्षांची होते, धाकटा भाऊ चार वर्षांचा. आई वांग्यांच्या बुडाशी राख टाकायची, बाबा वेलाला बांबूंचा मांडव करून द्यायचे, भाऊ चिखलात बसून स्वतःच चिखल व्हायचा. माझ्याकडे एक ठरलेलं काम होतं. कोहळ्याला दोन प्रकारची फुलं येतात. काही फुलांच्या मागे गोळीएवढं इवलं कोहळं असतं. काही नुसतीच लांब देठावर उभी असतात, मागे काही नाही. या दुसऱ्या फुलांना बाबा 'खोटी फुलं' म्हणायचे. ती फळ देत नाहीत, वेलाचं सत्त्व तेवढं खातात, असा त्यांचा ठाम संशय होता. म्हणून रोज सकाळी उजाडलं की मी सगळी खोटी फुलं खुडायची. एकही ठेवायचं नाही. रविवारी आई त्यांची भजी करायची आणि आम्ही खाटेवर बसून ती गरमागरम खायचो. त्या भज्यांसाठी मी हे काम फार मन लावून करत असे.

शेजारच्या काकूही बागेत यायच्या. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर होते. आठवड्यातले तीन-चार दिवस गाडी घेऊन बाहेरगावी मुक्कामी. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन घरांच्या परसांमधे तेव्हा भिंत-बिंत काही नव्हती. काम आटोपलं की त्या सरळ चालत यायच्या आणि आमच्या धुण्याच्या दगडावर बसायच्या. भावाला मांडीवर घ्यायच्या, त्याच्या नखांतला चिखल काडीने काढायच्या. माझी वेणी आईपेक्षा त्याच चांगली घालायच्या. एकदा त्या आईला म्हणाल्या होत्या, "घरात भिंतीसंगं बोलून बोलून थकली व बाई. इथं आलं का जीव लागते."

श्रावणात कोहळी धरायला लागली आणि गळायलाही लागली. फूल मिटायचं, मागची गोळी दोन दिवस हिरवी दिसायची, मग पिवळी पडून टपकन खाली. एक, दोन, पाच. बाबा गळलेलं कोहळं हातात घेऊन उलटसुलट करून बघत, वास घेत, खिशात ठेवत. पुरावा म्हणून असेल.

"कोणाची तरी नजर लागून राह्यली याले," ते म्हणाले.

"तुमाले तं देवाचाबी भरोसा नाही," आई म्हणाली. पण त्या दिवशी तिने वेलाच्या बुडाशी एक जुनी चप्पल बांधली.

आता एक गोष्ट सांगते. ती तेव्हा मी कोणालाच सांगितली नव्हती. कोवळ्या कोहळ्याला सरळ बोट दाखवायचं नाही, ते सडतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दाखवायचंच तर बोट वाकवून, पेराने दाखवायचं. आणि मी भावाला वेलावरचं पहिलं कोहळं दाखवताना चांगलं लांबलचक बोट केलं होतं. "थे पाय, केवढंसं!" दोन दिवसांनी तेच कोहळं गळलं. तेव्हापासून प्रत्येक गळती माझ्याच बोटाने झाली अशी माझी खात्री होती. चोराच्या मनात चांदणं. बाबा माझ्याकडे नुसते बघायचे तरी मी हात पाठीमागे घ्यायची.

मग तो रविवार आला. बाबा घरी. आई आत बेसन कालवत होती. मी मांडवाखाली उभी राहून फुलं खुडत होते, फ्रॉकचा ओचा पिवळा भरला होता. शेवटचं एक मोठं फूल मी हातात धरलं होतं, माझ्या मागेच एक नवं कोहळं लोंबत होतं. काकू आल्या, दगडावर टेकल्या, माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम बोट पुढे करून म्हणाल्या, "अवं पोट्टी, थे फूल..."

"वयनी! बोट!"

बाबा खाटेवरून असे उठले की भाऊ रडायला लागला. काकूंचं बोट तसंच हवेत राहिलं.

"कोवळ्या कोहळ्याले बोट? तरीच म्हणतो मी, रोज कायले गळून राह्यले!"

"नाई जी, मी तं..."

"थांबा." बाबा माझ्याकडे वळले. आवाज कोर्टातला झाला. "तू समोर होती. खरं सांग. बोट कुठं होतं?"

बोट कुठे होतं ते मला स्पष्ट दिसलं होतं. ते माझ्या हातातल्या फुलाकडे होतं. कोहळ्याकडे नव्हतं, वेलाकडेही नव्हतं. पण मला दुसरंही काहीतरी दिसलं. गळलेल्या सगळ्या कोहळ्यांचा गुन्हा माझ्या अंगावरून उतरून दुसऱ्याच्या अंगावर बसायला निघाला होता, आणि मी फक्त एक शब्द बोलायचा होता.

"येलाकडं," मी म्हणाले.

काकूंनी बोट मिटलं. दगडावरून उठल्या. त्या गेल्यावर बाबा आईला घरात जे बोलले ते हळू बोलल्यासारखं होतं, पण आमच्या आणि काकूंच्या खोलीत एकाच विटेची भिंत होती. "जिच्या घरी पाळणा हालला नाही, तिची नजर भरल्या वेलावर. आता समजून जा." आईने कढईवर झारा आपटला. मी भजी खाल्ली नाहीत. पोट दुखतं असं सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात बाबांनी दोन गाड्या पऱ्हाटी आणली. कापसाची ती वाळकी झाडं उभी रोवून, सुतळीने बांधून, दोन परसांच्या मधे त्यांनी छातीएवढा कूड घातला. धुण्याचा दगड आमच्या बाजूला राहिला.

आणि कोहळी धरली! कूड झाल्यावर दोन दिवसांत मला गोवर निघाला. मी पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होते. उठून बाहेर आले तर मांडवाला चार चांगली मुठीएवढी कोहळी लोंबत होती. बाबा मला हात धरून मांडवाखाली घेऊन गेले आणि त्यांनी बोट वाकवून एकेक कोहळं दाखवलं. "पाह्यलं? तिचं येणं बंद झालं अन् वेल सुधरला."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. म्हणजे माझ्या बोटाने काही झालं नव्हतं तर. मग काकूंचीच नजर वाईट असणार. त्यांनी माझी वेणी घालताना माझ्याही केसांना काही केलं असेल का, असं मी आरशात बघून तपासलं होतं, हे लिहिताना मला आज स्वतःची चीड येते.

पण बरी झाल्यावर मी पुन्हा रोज सकाळी ओचा खोचून कामाला लागले, आणि पुन्हा कोहळी गळायला लागली. त्या वर्षीची चार कोहळी तेवढी पिकली. पुढच्या वर्षी एकच. त्याच्या पुढच्या वर्षी तेही नाही. काकू तर येत नव्हत्या, मग आता कोण? बाबांच्या यादीत नावांना काय तोटा! दूधवाला, शेळीवाली, मीटर बघायला येणारा माणूस, एकदा तर माझी आजी चार दिवस राहून गेल्यावर तीही. कुडाच्या फटींतून पलीकडचं काहीतरी हिरवं सारखं आमच्या बाजूला डोकवायचं. "आता इकडं बी हात पसरून राह्यली," असं पुटपुटत बाबा ते काडीने मागे ढकलून द्यायचे. काकू रस्त्यात दिसल्या तर मी दुसऱ्या बाजूने जायची. त्या मात्र थांबून माझ्या वेणीकडे बघायच्या.

आठवीत आम्हाला शास्त्र शिकवायला नव्या बाई आल्या. एक दिवस त्या पिशवीतून कोहळ्याची दोन फुलं घेऊन आल्या. एक गोळीवालं, एक लांब देठाचं. "हे मादी फूल, हे नर फूल," बाई म्हणाल्या. "मधमाशी याची पिवळी भुकटी त्याच्यावर नेऊन टाकते, तेव्हाच फळ धरतं. हे नर फूल खुडून टाकलं, तर मागची गोळी पिवळी पडून गळून जाते." वर्गातल्या मुली वहीत चित्र काढत होत्या. मी माझे हात बाकाखाली घेतले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा रोज सकाळी मीच फोडत होते.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. सगळं नाही, फक्त फुलांचं. त्यांनी अर्थातच विश्वास ठेवला नाही. "पुरावा काय?" आधी बाईंवर संशय, मग पुस्तकावर. मग मांडवाकडे बघता बघता ते एकदम म्हणाले, "तुले गोवर निघाला होता, तवा फुलं कोण खुडत होतं?"

"कोणीच नाही."

 चहा निवला तरी बाबांनी कपाकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फुलं खुडणं बंद झालं. त्या वर्षी वेलांना अकरा कोहळी लागली. बाबा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बघायचे, पण आनंद झालेल्या माणसासारखे नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी त्यातलं सगळ्यात मोठं कोहळं उतरवलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल." कूड होता म्हणून आम्हाला रस्त्याने फिरून जावं लागलं.

काकूंनी दार उघडलं. त्यांच्या कानाजवळचे केस पांढरे झालेले मी इतक्या जवळून प्रथमच पाहिले. बाबांनी कोहळं पुढे केलं. "वयनी, आमची चूक झाली. फुलं खुडत होतो आमी, म्हणून गळत होते. तुमचा काही दोष नव्हता."

"मले मालूम होतं जी," काकू शांतपणे म्हणाल्या. "माह्या माहेरी वाडी होती. थे फूल नोको खुडू, हेच तं सांगून राह्यली होती मी त्या दिवशी. बोट वेलाकडं नव्हतंच. पोट्टीच्या हातातल्या फुलाकडं होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इले दिसत होतं. नाई का व?"

बाबांनी मान वळवली. जगातल्या प्रत्येकावर संशय घेऊन झाला होता, मी तेवढी राहिले होते.

"हो," मी म्हणाले. "दिसत होतं."

कोणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. काकू आत गेल्या, विळी घेऊन आल्या, उंबऱ्यातच बसून त्यांनी कोहळं चिरलं आणि अर्धं बाबांच्या हातात परत दिलं. "आमा दोघाले एवढं पुरते."

"कूड उद्याच काढून टाकतो," बाबा म्हणाले.

"नोको काढू जी," त्या म्हणाल्या. "माह्या वालाचे वेल चढले हायेत त्याच्यावर. तीन वर्सं झाले, तुमी काडीनं ढकलून राह्यले, मी परत चढवून राह्यली."

त्या बागेत पुन्हा आल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या यजमानांची बदली झाली. त्याआधी हिवाळाभर वालाच्या शेंगा कुडावरून आमच्या बाजूला लोंबत होत्या, आणि आईने त्यातली एकही कोणाला तोडू दिली नाही.