आकड्याखालची वेळ
तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की चाकूरच्या घरातला तो तळहाताएवढा कॉम्प्युटर आठवतो. गच्चीवरचं यंत्र मोजेल तो वाऱ्याचा वेग त्याच्या पडद्यावर दिसायचा, आणि आमच्या गच्चीवरचं वारं दहा मिनिटांत शेतावर पोचायचं. त्या दुपारी लांब कुठेतरी गडगडलं, तशी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे मेन स्विच पाडला आणि थोड्या वेळाने परत लावला. मग शेतातल्या खोपीवरून, म्हणजे आखाड्यावरून, धाकट्या दिरांचा फोन आला, "वैनी, आखाड्यावर पत्रे टाकायलो. वारं किती हाय?" मी आकडा वाचला. "दोन. चढा बिनघोर, भावजी." "तुमचं डबडं खोटं बोललं तर जेवण तुमच्याकडं," म्हणून ते हसले. पंधरा मिनिटांत वाऱ्याने त्यांना पत्र्यासकट खाली आपटलं. दवाखान्यातून परतल्यावर मी कारण शोधलं. त्या कॉम्प्युटरला स्वतःचं घड्याळ नव्हतं. वीज आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळायच्या आतच प्रोग्रॅम सुरू होऊन बंद पडला होता, आणि पडद्यावर सकाळी साठवलेला जुनाच आकडा परत आला होता. त्याच्याखाली सकाळची वेळ लिहिलेली होती. ती मी वाचलीच नव्हती. वेळ मिळेपर्यंत थांबायचं, एवढी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली आणि तो बिघाड मिटला. दिरांचे पाय अजून हलत नाहीत. आभाळ भरलं की ते खाटेवरून विचारतात, "वैनी, वारं किती हाय?" मी आधी गच्चीवर जाऊन येते, मग सांगते.