नायिकेला भाऊ नाही

मुलांसाठी लिहिलेल्या माझ्या ऐतिहासिक कादंबरीतली मुलगी देवगिरी किल्ल्याचा खंदक रातोरात पोहून शत्रूच्या हातून निसटते. ती मी माझ्या आक्कावरून घेतली. आक्का चौदाव्या वर्षी घरी न सांगता हर्सूलच्या तलावात पोहायला शिकली होती. वडिलांकडे तिची चुगली मीच केली, एका शाबासकीच्या हावेपायी. त्यांनी तिची शाळा बंद केली आणि वर्षभरात तिचं लग्न लावून दिलं. त्या वेळी मात्र माझी जीभ हलली नाही.

परवा मुकुंदवाडीला जाऊन तिला पुस्तक दिलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"या पोरीला भाऊ नाय व्हय रे?"

"नाय."

"तरीच सुटली," आक्का म्हणाली.