गादीच्या पंपाचं कव्हर

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून ते हवेच्या गादीवर पडून आहेत. गादीला एक छोटा पंप आहे. तो आळीपाळीने हवा भरतो आणि सोडतो, म्हणून पाठीला जखमा होत नाहीत. गेल्या वर्षी व्होल्टेज कमीजास्त होऊन पंपाला वीज पुरवणारा सप्लाय जळला. दुरुस्तीवाला शहापूरपर्यंत यायला तयार होता, डोळखांबच्या पुढे आमच्या गावात यायला नाही. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. मुरबाडच्या भंगारवाल्याकडून जुन्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर आणला, बारा व्होल्टचा रेग्युलेटर जोडला आणि सगळं एका पत्र्याच्या डब्यात बसवलं. पंप घरघरायला लागला तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ते कौतुक फार टिकलं नाही. मी घरात असले की डबा गुणी बाळासारखा चालायचा. मी बाहेर पडले की बंद. जीप शहापूरला पोचते न पोचते तोच आईचा फोन. "बंद परला गो. ये तू." मी धावतपळत परत यावं, तर डबा चालू! हिरवा दिवा लावून माझ्याकडे बघत बसलेला.

भिवंडीकडच्या एका कारखान्यात मला टेस्टिंगची नोकरी मिळाली होती. रुजू व्हायचा दिवस मी एकदा पुढे ढकलला होता, दुसऱ्यांदा ते ऐकणार नव्हते. त्या दिवसांत मी कपॅसिटर बदलला, सगळे सांधे पुन्हा डाखले, मीटर लावून तासन्‌तास बाबांच्या उशाशी बसले. व्होल्टेज जराही हलेना. बाबांना बोलता येत नाही, ते नुसते बघत राहायचे. खिडकीतून एकच आंबा दिसायचा आणि मला वाटायचं, आता हाच आंबा बघत मी म्हातारी होणार. डबा उचलून विहिरीत टाकावा इतका राग यायचा.

मग एकदा जीप चुकली आणि मी अर्ध्या तासात घरी परतले. डब्यावर कव्हर होतं. जुन्या शालीचं, आतून अस्तर लावलेलं, कडेला झालर. आमच्या घरात टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर. डबा तरी उघडा कसा राहील? मी आत हात घातला तर चटका बसला. रेग्युलेटर तापला की स्वतःहून बंद होतो. बंद पडला की आई कव्हर काढून बटणं दाबून बघायची, आणि मी येईपर्यंत तो निवलेला असायचा.

"हे कधीपासून घालतेस?" मी ओरडलेच.

"पयल्यापासून. तू असलीस का तुजी खुडबुड चालू असते, म्हणून नाय घालत. तू गेलीस का घालते. धूल बसते ना गो."

मला हसू आलं आणि रडूही. कव्हर काढून मी पेटीत टाकलं. त्या दिवशी मी मुद्दाम अंगणात बसून राहिले. संध्याकाळपर्यंत डबा एकदाही थांबला नाही. सुटले, असं मी मोठ्याने म्हटलं. आई भाकऱ्या थापत राहिली.

ठरल्या दिवशी मी कामावर रुजू झाले. साडेअकराला आईचा फोन आला तसा मी हातातला मीटर टाकून तो उचलला.

"बंद पडला?"

"नाय. चालूच हाय." मागे पंपाची घरघर ऐकू येत होती.

"बाबा ठीक आहेत ना?"

"हायेत. निजलेत. सकालपासून कोनाशी बोलले नाय मी. आदी बंद परायचा तरी, म्हनून तुला बोलवायची. आता काय सांगून बोलवू?"

समोर तपासायच्या सप्लायची रांग लागली होती. सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. जेवणाच्या सुट्टीत फोन करते, असं मी आईला सांगितलं.