दादाला भुईवर घेतलं तो दिवस

दादाच्या मणक्यात कॅन्सर उतरला व्हता. लातूरच्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणल्या, "आजार आता जात नाही. पण दुखणं कमी करता येतं. आमची माणसं घरी येतील."

मी म्हणलो, "बरं करायचं न्हाई तर घरी येऊन काय करणार, भजन?"

माझं तोंड असंच हाय.

मुखेडकडं आमच्या गावात नर्सबाई आली. दादाला इचारलं, कुठं दुखतंय, किती दुखतंय. दादा म्हणला, "बाई, चादर पांघरली तरी दुखतंय." बाईनं मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, टायमावर द्यायच्या. सुरुवातीला लई झोप येईल, घाबरू नका, हे बी सांगितलं. वैनीनं ऐकलं. मी बाईची स्कूटी बघून राहिलो व्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैनी गिरणीवर गेली आन् दादा पाय पसरून, तोंड उघडं टाकून पडलेला. हाक मारली, हूं न्हाई की चूं न्हाई. हा तर बसल्या बसल्या कण्हणारा माणूस! मी गळाच काढला. शेजारी धावले. दादाला बाजंवरून खाली भुईवर घेतलं, किल्लारीला थोरल्या अक्काला फोन लावला, "गेला गं, निघ!" आन् गंगाजल तोंडात सोडलं.

दादाला ठसका लागला. डोळे उघडून म्हणला, "भाड्या, लई दिसानं डोळा लागला व्हता!"

मी नर्सबाईला फोन केला.

"काका, हाक मारली की बोलतात का?"

"शिव्या देऊन राहिलाय."

"मग चांगलंय. दुखण्यानं झोपच नव्हती, ती भरून काढतायत. पण झोपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, जीव जाईल."

म्हंजी गोळीनं न्हाई, मीच मारलं असतं.

अक्काला परत फोन करायचं कुणाच्या ध्यानात आलंच न्हाई. जीपभर सोयरे येशीपासूनच रडत आले. बघत्यात तर दादा तक्क्याला टेकून चहा पितोय. मग सगळे माझ्यावर. मी घाबरून म्हणलो, "इषारी गोळी हाय, बंदच करू." सोयरे बी म्हणले, बंद करा.

दादानं कप खाली ठिवला. "मरायचं भ्या न्हाई मला. दुखायचं हाय. गोळी बंद करायची न्हाई."

अक्का खाली बसली. "तुला ठाऊक हाय?"

"हाव. तुमीच लपवून राहिले व्हते."

मरणाचा शबूद आमच्या घरात दादापुढं कुणी काढला नव्हता. मला वाटलं आता रडारड व्हणार. तर दादाच म्हणला, बियाणं कुठं ठिवलंय, वैनीला माहेरी कोण नेत जाईल, आन् अक्का, तू ल्हानपणी मला हिरीत ढकललं व्हतं, ते कामून? अक्का हसली, दादा हसला, मग बाकीचे. गोळीचा टाइम झाला. अक्कानं आपल्या हातानं गोळी दिली. मी पाणी दिलं, दादा जागा हाय ते बघून.

बाहेर जीपवाला हॉर्न मारून राहिला व्हता. एक बी माणूस उठंना.