मोटारीमागचा गाडा

संगमेश्वरच्या थांब्यावर मोटार पाहिली आणि वाटले, हिला रत्नागिरीला जायचे आहे की बिऱ्हाड हलवायचे आहे? आत माणसे कोंबलेली, टपावर ट्रंका आणि मागे चक्क एक बैलगाडी! जू काढून तिची दांडी मोटारीला जोडलेली, वर भाताची पोती. आम्ही पडलो सांगलीचे मास्तर, गप्प कसचे बसतो! मोटारीचे मालक पुढच्या बाकावर पान जमवत होते. त्या शेटांना विचारले, हा गाडा निसटला तर? त्यांनी नुसते मागे बोट दाखवले.

तिथे दामू तांडेल (गलबतावरचा मुख्य खलाशी) काथ्याच्या दोराने दांडी मोटारीच्या लोखंडी आकड्याला बांधत होता. साखळी तुटली होती म्हणे. जन्म दर्यावर गेलेला हा म्हातारा आता मोटारीवर सामान बांधी. मी दोर ओढून पाहिला, तेव्हा हसून म्हणाला की, ह्या गाठीवर त्याने वादळात शीड पेलले आहे.

वाटेत एका खानावळीत उकड्या तांदळाचा भात आणि आमसुलाचे सार असे काही मिळाले, की शेटांवरचा माझा निम्मा राग तिथेच उतरला. दोन्ही बाजूंना तांबडा कातळ (जांभ्या दगडाचे उघडे माळ) तापून निघाला होता.

निवळीच्या अलीकडे चढण लागली. निम्म्या चढणीवर मोटारीला हिसका बसला आणि गाडा सुटून मागे घरंगळला. कडेने गवताचा भारा घेऊन एक बाई येत होती. तिला उडवून गाडा गटारात आडवा झाला.

बाईचे नाव भागीरथी. डाव्या पायाची नळी मोडली होती. आम्ही बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. ओठ दाबून ती एवढेच विचारत होती, की पेरणीपर्यंत पाय टेकेल ना? आता मोटारीत घालून तिला रत्नागिरीच्या इस्पितळात न्यायचे, एवढे साधे काम. पण शेट दारात आडवे उभे राहिले. बाईला मोटारीत घेतले म्हणजे दोष कबूल केल्यासारखे होईल, अशी त्यांना धास्ती. ते म्हणाले, "गाठ तांडेलाची सुटली. जबाबदारी त्याची. नसेल पटत, तर देवाला कौल लावा."

वाडीतली माणसे जमली होती. कौल म्हणजे मूर्तीला फुले चिकटवायची आणि उजवे पडते की डावे, यावरून देवाचे उत्तर समजायचे. बाई रस्त्यात तळमळते आहे आणि ह्यांना फुले हवीत! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाला येईल ते बोललो. तांडेल मात्र खाली मान घालून बसला होता. तो पुटपुटला, "देव म्हणेल तां कबूल." म्हाताऱ्याचा स्वतःच्या हातांवरचाच विश्वास उडाला होता, ते मला बघवेना.

तेवढ्यात गुरव (देवळाचा पुजारी) आला. माझ्याहून शांत माणूस. तो सरळ गटारात उतरला, दांडीचा दोर हातात घेऊन वर आला आणि सर्वांपुढे धरला. गाठ जशीच्या तशी घट्ट होती. तिच्यात मोटारीचा लोखंडी आकडा अडकलेला आणि आकड्याला मोटारीच्या मागच्या फळीचा तुकडा, वाळवीने पोखरलेला. बोटाने दाबताच त्याचा भुगा झाला.

"शेटनूं," गुरव म्हणाला, "डोळ्यांना दिसतांय तां देवाला कशाला इचारायचां?"

शेटांचे तोंड एवढेसे झाले. ते दारातून बाजूला झाले, एवढेच नव्हे, तर आपला पुढचा बाक भागीरथीला आडवे व्हायला देऊन रत्नागिरीपर्यंत दाराबाहेरच्या फळीवर उभे राहिले. चूक माझी, खर्चही माझा, हे त्यांनी इस्पितळाच्या पायरीवर आमच्यासमोर कबूल केले. मी अंतर्बाह्य सुखावलो.

आठ दिवसांनी परतताना इस्पितळात भागीरथीला भेटलो. पाय वाचला होता. डॉक्टर म्हणत होते, भात लावायला नाही, पण कापायला नक्की जाईल.

रत्नागिरीच्या थांब्यावर तीच मोटार, मागे तोच गाडा. निघायची वेळ झाली तसे शेट खाली उतरले आणि सगळ्या उतारूंदेखत म्हणाले, "तांडेलानूं, एकदा बघा नि मगच सोडू."

तांडेलाने नव्या फळीवर हातोडी वाजवून पाहिली, कान लावला आणि नकारार्थी मान हलवली. फळी पुन्हा बदलली. तीन तास मोटार जागची हलली नाही. सांगलीत पाच मिनिटे उशीर झाला तर मी घर डोक्यावर घेतो. पण त्या दिवशी उन्हात ट्रंकेवर बसून म्हाताऱ्याचे ठोके ऐकत राहिलो. एवढ्या आनंदाने मी आयुष्यात कुठेच ताटकळलो नाही.