मनकर्णाच्या बापाचा सिनेमा

सिनेमाचं खरं नाव कॉलनीत कुणी घेत नसे. ‘मनकर्णाच्या बापाचा सिनेमा’ म्हटलं की कोराडीच्या वीजकेंद्राच्या त्या सगळ्या क्वार्टरांत कोणता सिनेमा ते कळायचं. शेजारी कुणाकडे नवी सून आली की तिला चहाबरोबर ही गोष्ट मिळायचीच. ऐकून ऐकून लोकांना ती पाठ झाली होती. मनकर्णाचा नवरा शालिकराम झाडे याला तर झोपेतून उठवलं असतं तरी ती धडाधड म्हणता आली असती.

मनकर्णाचे वडील नत्थूजी पारशिवनीकडचे नावाजलेले धुरकरी. शंकरपटात जो बैलजोडी पळवतो तो धुरकरी. या माणसानं जन्मात फोटो काढू दिला नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मनकर्णाच्या लग्नात फोटोवाला आला तेव्हा हा बाप गोठ्यात जाऊन बसला. पुढे एक सिनेमा कंपनी पटाचा सीन घ्यायला गावात आली आणि नत्थूजींची पांढरी जोडी बघून तिथंच अडली. लोक म्हणाले, आता काय कराल? नत्थूजी म्हणाले, “फोटो माहा नाही घेऊन राहिले, बैलाइचा घेऊन राहिले.” झालं, प्रश्न मिटला. सिनेमात हीरोनं जिंकायचं होतं, म्हणून नत्थूजींना हरायला सांगितलं. आयुष्यात पट न हरलेला माणूस तिथं हरला, आणि हरल्यावर पटका काढून तोंड पुसत खुशाल हसला. ते हसणं कॅमेऱ्यानं टिपलं. चार-पाच सेकंद असेल, पण मोठ्ठं, पडदाभर.

सिनेमा लागला तेव्हा नागपूरला महालातल्या टॉकीजमध्ये सगळे गेले. मनकर्णा, नवा जावई शालिकराम आणि खुद्द नत्थूजी. पट सुरू झाला तसे नत्थूजी खुर्चीवरून उठून आपल्याच बैलांना हाका मारू लागले. मागचे लोक ओरडले, “बसा बाबाजी!” आणि शालिकरामनं दोन बोटं तोंडात घालून अशी शिटी मारली की बॅटरीवाला बघायला आला. दुसऱ्या वर्षी नत्थूजी तापानं गेले. घरात त्यांचा एक फोटो नाही. जे काही होतं ते त्या चार-पाच सेकंदांत होतं, आणि तो सिनेमा पुन्हा कधी कुठे लागला नाही.

शालिकराम माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात नाही. राख काढायच्या विभागात दहा-बारा वर्षं इमानानं ड्यूटी केली. पण एक होतं. साहेब दिसला की त्याचा कणा मेणाचा व्हायचा. साहेबानं ऊन म्हटलं की याला घाम फुटे.

शहाऐंशी सालची संक्रांत. व्हिडिओचं वेड घरोघर शिरलं होतं. सीताबर्डीवर ओमप्रकाशची व्हिडिओ लायब्ररी होती, तिथं हा सिनेमा आलाय अशी बातमी कुणीतरी मनकर्णाला दिली. तिचं हळदीकुंकू रविवारी दुपारी होतं. तिनं तिथल्या तिथं ठरवलं की तीळगूळ, वाण, आणि नंतर सिनेमा. सगळ्या बायांना तिनं स्वतः दारोदार जाऊन सांगितलं, “या वं, माहा बाप दाखवतो तुमाले.” वीस वर्षं जे तोंडानं सांगितलं ते आता डोळ्यांनी दिसणार होतं. त्या आठवड्यात तिनं गव्हल्या वळतानाही गाणी म्हटली.

ही बातमी शालिकरामच्या शिफ्ट इंजिनिअर साहेबांच्या, मनोहररावांच्या कानावर गेली. साहेबांकडे स्वतःचा व्हीसीआर होता, दुबईहून मेव्हण्यानं आणलेला. ते म्हणाले, “झाडे, भाड्याचं मशीन कशाला आणता? आमचं घेऊन जा. रंगीत टीव्हीही नेऊ. मी आणि मिसेस येतोच आहोत.”

शालिकरामला दोन रात्री झोप आली नाही, इतका आनंद झाला. साहेब आपल्या क्वार्टरात! साहेबांचं मशीन आपल्या स्टुलावर!

शनिवारी तो ओमप्रकाशच्या दुकानात गेला. ओमप्रकाशनं काउंटरवर दोन प्रकारचा माल ठेवला. एका बाजूला एक मोठी, चकचकीत कॅसेट. दुसऱ्या बाजूला दोन लहान, खोकी झिजलेल्या.

“देखो भाऊ,” ओमप्रकाश म्हणाला, “ये व्हीएचएस है. एकदम साफ, नया माल. मगर एक कॅसेट में बिठाने के लिए पिक्चर काट दी है. और ये बीटा है, दो कॅसेट में पूरी पिक्चर. तस्वीर जरा हिलती है, पर कटा कुछ नहीं.”

“काटलं म्हणजे काय काटलं गा?” शालिकरामनं विचारलं.

“गाने सब रखे हैं. वो बैल-वैल की रेस थी न शुरू में, वो पूरी गई. फालतू ही थी.”

शालिकराम दोन्हीकडे बघत उभा राहिला. साहेबांचं मशीन व्हीएचएसचं. बीटाची कॅसेट त्यात शिरतसुद्धा नाही. बीटा न्यायची तर बीटाचं मशीन भाड्यानं न्यायचं, आणि साहेबांना जाऊन सांगायचं की तुमचं मशीन नको. कशासाठी? तर बायकोचा बाप चार सेकंद हसतो म्हणून. ते वाक्य त्यानं मनात जुळवून पाहिलं आणि त्याची जीभ आतच वळली. शिवाय साहेब मागं एकदा कँटीनमध्ये म्हणालेही होते की बीटा म्हणजे आता भंगार.

मग त्यानं स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याएवढा वकील नाही. मनकर्णा चहात गुंतलेली असेल. बाया वाणाच्या वाट्या बघत असतील. तेवढ्यात सीन निघून गेला असं म्हणता येईल. त्यानं मोठी कॅसेट पिशवीत टाकली.

रविवारी दोन खोल्यांच्या क्वार्टरात चाळीस माणसं बसली. साहेब आणि बाईसाहेब खुर्च्यांवर, बाकी सतरंजीवर. मनकर्णा काळी चंद्रकळा नेसून, सगळ्यांना तीळगूळ देऊन, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. चहा तिनं आधीच उरकून टाकला होता. 

चित्र खरंच काचेसारखं स्वच्छ होतं. हीरो गावात आला, आईच्या पाया पडला, जत्रेचा पाळणा फिरला.

“आता पाहा,” मनकर्णा मागं वळून म्हणाली. “जत्रा झाली का पट. गप्प बसा वं.”

पाळणा फिरता फिरता एकदम विहिरीवरचं गाणं लागलं.

मनकर्णा वाट बघत राहिली. गाणं संपलं. पाटील आला, भांडण झालं, हीरोइन रडली. बैलाचं शिंगसुद्धा दिसलं नाही. शेवटी शेजारच्या कांताबाईला राहवेना. “काहून वं मनकर्णा, तुहा बाप कुठं रायला? बैल घेऊन पळाला का काय?” खोलीभर हशा पिकला.

मनोहरराव चांगला माणूस. त्यांनीच हशा थांबवला आणि विचारलं, “झाडे, प्रिंट कापलेली तर नाही ना?”

देव माणसाला वाचायची संधी देतो म्हणतात ती हीच. होय साहेब, कापलेली आहे, एवढं म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की माहीत असून आणली कशाला? शालिकरामनं चाळीस तोंडांकडे पाहिलं, साहेबांच्या मशीनकडे पाहिलं, आणि म्हणाला, “नाही साहेब, पूरी प्रिंट आहे. तिचाच घोटाळा झाला. तिले लहानपणापासून वाटते तसं. बापाची माया असते, दुसरं काय.”

बाईसाहेब हळहळून “अगं बाई” म्हणाल्या. मनकर्णानं नवऱ्याकडे पाहिलं. रागानं नाही. विचारात पडलेल्या माणसासारखं. याच माणसानं टॉकीजमध्ये शिटी मारली होती, तेच ती आठवत असावी. मग ती खाली बघून म्हणाली, “असंल. माहाच घोटाळा झाला असंल.”

त्या दिवसापासून तिनं बापाचं नाव काढणं बंद केलं. भांडली असती तर शालिकरामला बरं वाटलं असतं. ती भाकरी वाढे, पाणी ठेवी, विचारलं तेवढं बोले. कॉलनीनं मात्र आपला हिस्सा उचलला. महिनाभरात कँटीनमध्ये नवी म्हण निघाली. कुणी फुशारकी मारली की दुसरा म्हणे, “आला का मनकर्णाचा बाप!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शालिकरामच्या हातात डब्याचं झाकण होतं. तो हसला. सगळे हसत होते म्हणून हसला, आणि त्या हसण्याची त्याला इतकी लाज वाटली की डबा तसाच बंद करून उठला. सासऱ्यानं त्याला लग्नात पटासाठी वाढवलेलं एक गोऱ्हं दिलं होतं. त्या माणसाचं नाव त्यानं तीळगुळाबरोबर वाटून टाकलं होतं.

चार महिने हे सोसलं. मे महिन्यात एका रविवारी सकाळी तो सीताबर्डीला गेला. बीटाच्या कॅसेटी ओमप्रकाशकडे अजून होत्या. कुणी नेतच नव्हतं त्या. त्यानं मशीनही घेतलं आणि कोराडीच्या बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसला. ऊन असं की मशीनचा पत्रा चटके देत होता. त्यानं मांडी हलवली नाही. तेवढी तरी शिक्षा असू दे, असं त्याला वाटलं.

घरात आपला जुना काळा-पांढरा टीव्ही. कूलर घरघरत होता. त्यानं मनकर्णाला हाताला धरून आणलं आणि समोर बसवलं. “पाहा,” एवढंच म्हणाला.

चित्र नाचत होतं, मधूनच आडव्या रेघा सरकत होत्या. जत्रेचा पाळणा फिरला. आणि धूळ उडवत पट सुटला. पांढरी जोडी, मागं वाकलेला माणूस. हरला. पटका काढला, तोंड पुसलं, हसला.

“ते पाहा! ते पाहा बाबा!” शालिकराम ओरडला.

“मांगं घ्या,” मनकर्णा म्हणाली. त्यानं मागं घेतलं. पुन्हा मागं घेतलं. तिसऱ्यांदा ती उठून टीव्हीजवळ गेली आणि काचेला नाक लागेल इतकी वाकली.

“हे बाबाच होत काय?” तिनं विचारलं.

“म्हणजे? बाबाच होत! मी होतो नं संगं!”

“त्या दिवशी तुमीच नाही म्हणाले होते.”

मग त्यानं सगळं सांगितलं. दुकान, दोन कॅसेटी, ओमप्रकाश काय म्हणाला, साहेबांचं मशीन. “मले मालूम होतं वं. समदं मालूम असून मी खोटं बोललो.” सांगताना त्याला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो मशीनकडे बघून बोलला.

मनकर्णानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मले वाटलं, माहंच चुकलं. तवापासून डोये मिटले का बाबाचं तोंडच येत नाही समोर. आता पाहून रायलो तरी ओळख पटत नाही.”

शालिकराम चपला न घालता बाहेर धावला. भर दुपारी त्यानं कांताबाईचं दार वाजवलं, तिला तशीच ओढून आणली, टीव्हीपुढं उभी केली आणि बायकोच्या देखत म्हणाला, “कांताबाई, तवा मी खोटं बोललो होतो. कॅसेट काटलेली होती. हे पाहा, हे माहे सासरे. साऱ्या कॉलनीले सांगा.”

कांताबाईनं नाचणाऱ्या रेघांत एक पटकेवाला पाहिला. असे पटकेवाले तिच्या माहेरी गल्लीगल्लीत होते, आणि सिनेमा तोच की दुसरा कुठला, तेही तिला त्या रेघांत कळत नव्हतं. तिनं मनकर्णाकडे पाहिलं, शालिकरामच्या भाजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

“हो वं हो, दिसला तुहा बाप,” लेकराला म्हणावं तसं ती म्हणाली. मग शालिकरामकडे वळून हळूच बोलली, “भाऊजी, बायकोचं मन राखायले माणूस सोतावर खोटेपणा घेते, हे आज पायलं मी. तुमच्यासारखा नवरा साऱ्या कॉलनीत नाही.”

“नाही हो कांताबाई, मी खरंच—”

“राहू द्या भाऊजी. मी सांगतो साऱ्याइले.”

आणि तिनं सांगितलं. संध्याकाळपर्यंत चार घरांत झालं, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मनोहरराव साहेबांनी सगळ्यांसमोर शालिकरामच्या पाठीवर हात ठेवला. “झाडे, ऐकलं मी. फार मोठं मन आहे तुमचं.” शालिकराम मान खाली घालून उभा राहिला, आणि लोकांना वाटलं, किती विनयी माणूस आहे हा.