टाकीवरच्या कुरडया

आमच्या लेकीची एम.ए.ची तोंडी परीक्षा होती. विषय : आफ्रिकेतल्या सरकारांनी मिळून उभारलेली विकासाची भागीदारी चालते कशी. लिहायला बसली की पानंच्या पानं, पण समोरून कोणी प्रश्न केला की हिची दातखीळ बसायची. आदल्या वर्षी अशीच गप्प बसली आणि रडत घरी आली. यंदाही तसंच झालं तर डिग्रीवर पाणी. म्हणून मी फर्मान काढलं, "मला समजाव. मला कळलं तर कोणालाही कळेल."

तर कोपरखैरण्यात, आमच्या ओट्याजवळ, आफ्रिका सुरू झाली. सगळ्यात वर सगळ्या देशांचे प्रमुख. त्यांच्यातलेच निवडक दिशा ठरवणार. खाली रोजचं बघणारं कार्यालय. प्रत्यक्ष कामं मात्र शेजारशेजारच्या देशांच्या गटांकडून.

"म्हणजे आमचं फेडरेशनच की!" मी म्हटलं. आमच्या चार इमारती, चार सोसायट्या, पंपहाउस एकच. आमच्या सोसायटीची चेअरमन मी.

"तसंच. फक्त तिकडे तयार असलेले देश आपला कारभार दुसऱ्या देशांकडून तपासून घेतात."

"स्वतःहून?"

"स्वतःहून."

मला हे इतकं आवडलं की रविवारी फेडरेशनच्या मीटिंगमध्ये मांडूनच टाकलं. "आमच्यापासून सुरू करा," हेही वर तोऱ्यात.

शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी मूळचे इथल्याच तळवली गावचे. ते तडक आमच्या गच्चीवर. तिथे 'टाकीवर वाळवण घालू नये' ही माझ्याच सहीची पाटी, आणि खाली टाकीच्या झाकणावर ऐसपैस पसरलेल्या कुरडया.

"ताई, ह्या कुरडया कोनाच्या हायत?"

"आमच्याच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

गंमत म्हणजे पुढच्या रविवारी बाकीच्यांनी कुरकुर न करता गच्च्या उघडल्या. सेक्रेटरी हसून म्हणाले, "तुमच्या कुरडया बघितल्या, मग आमाला कसली लाज?"

परीक्षेच्या दिवशी लेक घरी आली ती सरळ ओट्याजवळ.

"आई, सरांनी विचारलं, दंड नाही, सक्ती नाही, मग देश स्वतःला तपासून का घेतात? झालं, माझं तोंड मिटलं."

मी गॅस बंद केला. "मग?"

"मग मी कुरडया सांगितल्या."

"कोणाच्या?"

"तुझ्या. चेअरमनपदासकट."

मी रागवायच्या तयारीत होते.

"आणि मग थांबलेच नाही गं," ती म्हणाली. "शेवटी त्यांनाच पुरे म्हणावं लागलं."